नंदनवार मॅडमचा शेजार

नंदनवार मॅडम वाचनालयात शिरल्या की आधी आपल्यामागचं दार ओढून घ्यायच्या. मग माझ्या टेबलाचा अर्धवट उघडा खण आत ढकलायचा, शिक्क्याच्या पॅडची डबी मिटायची, माठावरचं झाकण सरळ करायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे चपला काढून कॉम्प्युटरपुढे बसायचं. मला सुरुवातीला फार राग यायचा. जन्म गेला माझा या टेबलावर, माझा खण मी केव्हा लावायचा ते मला कळत नाही का? एकदा बोललेही तसं. तर म्हणाल्या, "रागावू नको वं, सुनंदा. उघडलं ते झाकलं पाह्यजे. देवानं दोन हात काहून देले? एक उघडाले, एक झाकाले." आता यावर माणसाने काय बोलावं, कपाळ!

खुर्चीत नीट बसल्या की कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि म्हणायच्या, "पाहू दे, आज कोण कोण उठलं."

हे 'उठलं' काय ते सांगते. आमचं वाचनालय लकडगंजच्या बाजूला, एका लाकडाच्या वखारीला लागून. आमच्या पुस्तकांनाही सागवानाच्या भुशाचा वास येतो. वाचनालयाची वेबसाइट आहे आणि तिच्यावर 'शेजार' नावाचं एक पान आहे. नागपुरातले आणि आसपासच्या गावांतले काही लोक स्वतःच्या लहानशा साइट करून लिहीत असतात. कोणी पक्ष्यांवर, कोणी जुन्या विहिरींवर, कोणी हातमागावर. त्यांच्यातल्या कोणीही काही नवीन लिहिलं की त्याचं शीर्षक, पहिल्या दोन ओळी आणि त्याच्या साइटवर जायची लिंक आमच्या या पानावर आपोआप येऊन बसते. कोणी टाइप करत नाही, कोणी चिकटवत नाही. प्रत्येक साइट आपल्या नव्या लेखांची वर्दी एका ठरावीक पद्धतीने मांडून ठेवते, आमचं पान अधूनमधून जाऊन ती वर्दी घेऊन येतं. त्या वर्दीला म्हणतात फीड. हे सारं मॅडमनी उभं केलं, आणि वयाची सत्तरी जवळ आल्यावर केलं.

कुमुद नंदनवार. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्या आणि आमच्या कार्यकारिणीवर आल्या. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची साडी. आवाज असा की वाचनालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून त्या बोलायच्या आणि पेपर वाचणारे म्हातारे दचकून सरळ बसायचे.

त्या या फीडच्या भानगडीत पडल्या कशा, तर आमच्या सचिवांच्या जावयामुळे. सचिव आष्टनकर साहेब, शेजारच्या वखारीचे मालक. साइट त्यांच्या जावयाने करून दिली होती. आता जावयाने केलेलं काम, त्याला नाव कोण ठेवणार? त्याने पहिल्याच पानावर कोणत्यातरी मोठ्या बातम्यांच्या साइटची फीड लावून दिली. म्हणे, साइट जिवंत दिसली पाहिजे. बातम्या खालून वर सरकत राहायच्या. कोणती येईल, कोणती जाईल, कोणाचा ताबा नाही. त्यातच संस्थेचे जुने अध्यक्ष वारले. साइटवर त्यांचा हार घातलेला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्या बरोबर खाली सरकत आलं, 'हनिमूनचे फोटो पाहून चाहते घायाळ'. बाप्पा! अध्यक्षांच्या घरून फोन. आष्टनकर साहेब मला म्हणाले, "सुनंदाबाई, ते काढून टाका." मी काय काढू? मला कॉम्प्युटर चालू आणि बंद करण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मॅडम तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "नळ लावून देला, पण पाणी कुठून येते ते कोणी पाह्यलं नाही. आता मीच पाहते."

आणि पाहिलं. जावयाला इतके फोन केले, इतके फोन केले, की तो बिचारा मॅडमचा नंबर दिसला की बायकोच्या हातात फोन देऊ लागला. एका दुपारी मॅडमनी एका फीडचं मूळ रूप स्क्रीनवर उघडलं. नुसते कंस, कंसात इंग्रजी शब्द, परत कंस. मला वाटलं, झालं, बिघडलं मशीन. मॅडम वाकून वाचत होत्या. वाचता वाचता हसायलाच लागल्या.

"अवं सुनंदा, हे तं माह्यासारखंच आहे! पाह्य, इथी शीर्षक उघडलं, इथी झाकलं. इथी तारीख उघडली, इथी झाकली. एक जरी उघडं राह्यलं न, तं सारं पान आडवं पडते." सारी दुपार त्या कंस जुळवत बसल्या. गणिताच्या बाई, कंस सोडवण्यात हयात गेलेली. मी त्या दिवशी जाताना माझा खण आपणहून लावला.

मोठ्या साइटची फीड त्यांनी काढून टाकली आणि आपली माणसं हुडकायला लागल्या. एकेकाला फोन करून विचारायचं, "तुमची फीड आमच्या पानावर लावू का?" जावई म्हणाला, "मॅडम, परवानगी कायले लागते? फीड उघडीच असते, कोणीही घेऊ शकते." मॅडम म्हणाल्या, "शेजाऱ्याचं दार उघडं असलं तरी आवाज देऊनच आत जातो न गा आपण?"

त्यांचा सगळा हिशेब या शेजारपणाचा होता. मला पहिल्यांदा समजावलं ते असं. "फीड म्हणजे वाटी. शेजारणीनं काही नवीन केलं की वाटीभर पाठवते का नाही? चवीपुरतं. आपण वाटीभरच पुढे ठेवायचं. अन् सांगायचं, बाई, हे अमकीच्या घरचं आहे, आवडलं तं तिच्या घरी जा." म्हणून शीर्षक आणि दोनच ओळी. तिसरी ओळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. आणि आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. तर 'शेजार'वर आलेल्या प्रत्येक लेखाखाली, ज्याच्या त्याच्या साइटवर जाऊन, मॅडम स्वतः दोन शब्द लिहून यायच्या. सुरुवात नेहमी एकच, 'वाचलं.' पुढे मात्र 'छान', 'सुंदर' असलं गुळमुळीत काही नाही. पक्ष्यांवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना लिहिलं होतं, 'वाचलं. तुम्ही ज्याला शांत म्हणता तो पक्षी आमच्या शाळेच्या पिंपळावर होता. एक नंबरचा भांडकुदळ.' डॉक्टर त्यावरून पुढचा लेख लिहून मोकळे झाले.

उमरेडच्या हेडाऊ गुरुजींची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे गुरुजी हातमागावर लिहायचे. 'शेजार'वर सगळ्यात ताजा लेख सगळ्यात वर, बाकीचे सरकत खाली. पण गुरुजींचा किनारीच्या विणीवरचा लेख एकदा वर जाऊन बसला तो उतरेचना. दुसरे लिहीत राहिले, गुरुजी आपले वरच. मला वाटलं मशीन अडकलं. मॅडमनी फीड उघडून तारीख पाहिली आणि तिथूनच फोन लावला.

"गुरुजी, तुमी पुढच्या दिवाळीतून लिहून राहिले का?"

मग गुरुजी म्हणाले, "काय करू बाई, म्हातारा माणूस मी. पुढची तारीख टाकली की वर राहतो, हे समजलं मले. खाली गेलो तं कोण वाकून पाह्यते?"

मला वाटलं, आता बाई उभं-आडवं घेणार. शाळेत रांग मोडणाऱ्या पोरींचं त्या काय करत, हे मी त्यांच्या विद्यार्थिनींकडून ऐकून होते. पण मॅडम एकदम मऊ झाल्या. म्हणाल्या, "गुरुजी, रांगेत या. मी वाकून पाहीन. रोज पाहीन." आणि फोन ठेवून त्या कामाला लागल्या. तेव्हापासून दर सोमवारी 'शेजार'चं पान उलटं होतं. जो सगळ्यात खाली, तो त्या दिवशी सगळ्यात वर. गुरुजी मुकाट्याने चालू वर्षात परत आले.

आणि एखादं घर बरेच दिवस उठलंच नाही, म्हणजे फीडमध्ये नवीन काही आलंच नाही, तर मॅडमना चैन पडायची नाही. "शेजारचं दार दुपारपर्यंत उघडलं नाही तं आपण जाऊन पाहत नाही का वं?" लगेच फोन. कोणी पासवर्ड विसरलेला असे, कोणाला नातू झालेला असे. एकाला तर लिहायचं राहून गेलंय हेच मॅडमच्या फोनवरून कळलं.

आता रेखाचं सांगते. ही भिवापूरची, घरची मिरची. तिच्या साइटचं नाव 'मिरचीचं घर'. मिरचीची लावणी, तोड, वाळवण, असं सगळं लिहायची. सासूने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहायची: 'बियाची मिरची पहिल्या तोडीची नको, शेवटच्या तोडीची नको. मधली घे, जिनं ऊनही पाहिलं अन् दवही पाहिलं.' घरात मात्र कोणाला कौतुक नाही. दिवसभर मिरची खुडते आणि बसली की मिरचीवरच लिहिते, कोण वाचते तुह्यं? मग रेखा फोन पुढे करून दाखवायची. पाहा, ही अमरावतीची बाई काय म्हणते. पाहा, हा मुलगा बी मागून राहिला. पाहा, नंदनवार मॅडमनं लिहिलं, 'वाचलं.' तिच्या साइटवर येणारी माणसं हाच तिचा पुरावा होता.

मॅडमना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला गेल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू निघाला, पण मागचा पडदा कमजोर आहे, काही दिवस स्क्रीनकडे पाहायचंही नाही. त्या घरी बसल्या आणि इकडे आष्टनकर साहेबांना जाग आली. "लोक आपल्या साइटवर येतात, एक टिचकी मारतात आणि दुसरीकडे जातात. आपण काय धर्मशाळा उघडली आहे? पूर्ण लेख इथेच दिसू द्या ना!" जावयाने कुठलंसं एक बटण दाबलं. झालं, दोन ओळींच्या जागी अख्खे लेख दिसू लागले. लिहिणाऱ्याचं नाव होतं खाली, लिंकही होती. चोरी म्हणता येणार नाही. वाचणारेही खूश, सारं एकाच जागी. मॅडमना सांगून त्रास कशाला द्यायचा, असंच सगळ्यांना वाटलं.

मॅडम काळा चष्मा लावून परत आल्या. दार लावलं, खण लावला, माठ पाहिला. "तूच वाच आज," म्हणाल्या. मी वाचायला लागले. शीर्षक, दोन ओळी, तिसरी, चौथी.

"थांब. एवढं काहून वाचून राहिली?"

"सगळंच आहे इथे, मॅडम. आता असंच दिसतं."

मॅडमनी विचारलं, "रेखाचं काय नवीन?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. रेखा पार तळाशी. कितीतरी दिवसांत तिने काही लिहिलं नव्हतं. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. मॅडम उठल्या. "उद्या भिवापूर. तू पण चाल."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत. मॅडमच्या मांडीवर स्टीलची झाकणाची वाटी, तिच्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. वाटीवर मशीनने कोरलेलं नाव, 'कु. नंदनवार'. मी म्हटलं, "मॅडम, डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका सांगितलं ना?" म्हणाल्या, "मी कुठे पाहून राहिली धुळीकडे?"

रेखाच्या अंगणात लालभडक मिरची पसरलेली. दोन-तीन बाया देठ खुडत होत्या, शिंकत होत्या. आम्हाला पाहून रेखा उठली, पाया पडली, पाणी आणलं. चेहरा मात्र उतरलेला.

"काहून बंद केलं वं लिहिणं?"

"कोणासाठी लिहू, बाई?" रेखा म्हणाली. "आधी रोज कोणी ना कोणी यायचं, काहीबाही लिहून जायचं. आता कोणीच येत नाही. तुमीही नाही आल्या. सासूबाई म्हणते, पाह्य, मी म्हणत नव्हती का, चार दिवसाची मौज होती. ह्या महिन्यात साइट काढूनच टाकते. सारंच पुसून टाकते."

मॅडमनी तिचा हात धरला. "लोक वाचून राहिले वं तुले. आधीपेक्षा जास्त वाचून राहिले. पण आमच्या दारात वाचून राहिले. तुह्या घरची भाजी आमी आमच्याच ताटात वाढून देली, अन् तुह्या दारापर्यंत कोणाले येऊच नाही देलं."

रेखाला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "म्हंजे बियाच्या मिरचीचं लोकाईनं वाचलं?"

"वाचलं."

"मंग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

मला रडूच आलं, खरं सांगते. मॅडमनी काळा चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "मिरचीजवळ जाऊ नका म्हटलं होतं न डॉक्टरनं? तुले आठवण नाही देता आली?" मग रेखाकडे वळून म्हणाल्या, "पुसू नको काही. मले थोडे दिवस दे."

रेखा वाटी रिकामी करून त्यात मिरची भरायला निघाली, तर मॅडमनी अडवलं. "आता नाही. वाटी राहू दे तुह्याजवळ. काही लिहिशील तवा भरून घेऊन ये. लिहिल्याबिगर येऊ नको."

त्यानंतर आष्टनकर साहेबांच्या वखारीत जे झालं ते सगळ्या लकडगंजला माहीत आहे. मॅडमनी आमच्याकडची एक खुर्ची उचलली आणि वखारीच्या फाटकात ठाण मांडून बसल्या. गिऱ्हाईक आलं की, "काय पाह्यजे, भाऊ? सागवान? बसा. आत कायले जाता, मीच सांगते." आणि सांगायच्या! सागवान कोणतं, साजा कोणता, दाराला काय, पलंगाला काय. रोज शेजारी बसणाऱ्या बाई, ऐकून ऐकून सगळं पाठ. शेवटी बोट वर करून, "माल आष्टनकर साहेबांचा आहे बरं का, हे पाहा बोर्डावर नाव." माणूस समाधानाने मान डोलवायचा, रामराम करून चालू पडायचा. आत कोणी जाईना. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले.

"मॅडम, हे काय करून राहिल्या?"

"तुमचं लाकूड दाखवून राहिली. तुमच्याच नावानं."

"अहो, पण गिऱ्हाईक आत नाही येऊन राहिलं ना!"

"कायले आलं पाह्यजे आत? त्याईले पाह्यजे ते इथंच भेटलं."

साहेबांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा चालू पडलेल्या गिऱ्हाईकाकडे. मूर्ख नव्हते ते, व्यापारी माणूस. हळूच म्हणाले, "मंग आता जावयाले कसं सांगू मी?"

"जावयाले मी सांगते. तुमी चहा सांगा."

जावई खरं म्हणजे चांगला निघाला. "एवढंच होतं तर आधी बोलायचं ना, मॅडम," म्हणाला आणि दिवेलागणीच्या आत 'शेजार' परत दोन ओळींवर आणून दिला. मॅडमनी पानाच्या माथ्यावर माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: 'रेखाच्या घरी जा. तिचं वाचलं असेल तर तिथे जाऊन सांगा.' लोक गेले हो! डॉक्टर गेले, अध्यक्षांची सून गेली, कुठल्या कुठल्या गावची माणसं गेली. हेडाऊ गुरुजींनी लिहिलं, 'वाचलं. खाली वाकून वाचलं.' तरी रेखा गप्पच. मॅडम रोज विचारायच्या, मी रोज नाही म्हणायची. मला वाटायला लागलं, पोरीने पुसलं सगळं, आपल्याला सांगायचं तेवढं राहिलं.

आणि एका सकाळी, सोमवार नसताना, पानावर सगळ्यात वर, 'मिरचीचं घर'. मी ओरडलेच. 'शांतता राखा'खालचे म्हातारे माझ्याकडे पाहायला लागले. मॅडम उठल्या, चाचपडत माझ्या टेबलापाशी आल्या, माझा खण ओढून उघडला आणि परत लावला. आनंद झाला की या बाईला काय करावं ते सुचत नसे.

नजर मात्र गेलीच. वाचनालयात येणं थांबलं. मग मी कामावर येता येता त्यांच्या घरी जायची आणि फोनवरून 'शेजार' वाचून दाखवायची. पलंगावर ताठ बसून ऐकायच्या आणि उत्तरं सांगायच्या. मी ती ज्याच्या त्याच्या साइटवर लिहून यायची.

अशीच एकदा मी बसले असताना रेखा आली. हातात ती वाटी. मॅडमनी वाटीवरून बोट फिरवलं, कोरलेल्या नावावर थांबल्या. झाकण उघडलं, आत नवं तिखट. इतक्या जोरात शिंकल्या की विचारू नका, आणि शिंकता शिंकताच झाकण लावलं.

"लिहिलं का?"

"कालच लिहिलं. वाचून दाखवते," रेखा म्हणाली आणि फोन काढला. "'सासूबाईंची खाट.' 'यंदा सासूबाई तोडीला आल्या नाहीत. बांधावर खाट टाकून द्या म्हणाल्या, अन् तिथून त्यांनी मला एकेक झाड दाखवलं.'"

आणि थांबली.

"मंग?" मॅडम म्हणाल्या.

"मंग काय? दोन ओळी झाल्या. पुढचं माह्या घरी."

माझं डोकंच फिरलं. ज्या बाईला दिसत नाही तिची थट्टा करते? मी काही बोलणार, तोच मॅडम हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "शिकली वं पोट्टी! सुनंदा, पाह्यलं का, शिकली!"

मला वाटलं, थट्टेवारी संपली. कसली संपते. पुढच्याच आठवड्यात मॅडम हट्टाला पेटल्या, भिवापूरला जाणार. अमरावतीहून त्यांच्या लेकीचा फोन, आई, वेड लागलं का? मी म्हटलं, "मॅडम, मी इथेच पूर्ण लेख वाचून दाखवते. एवढ्या दूर कायले जाता?"

"वाचून दाखवशील वं. पण तिच्या दारात कोण जाईल?"

शेवटी मीच त्यांना दिघोरी नाक्यावर घेऊन गेले. मला ड्यूटी होती, रेखा भिवापूरच्या स्टँडवर उतरवून घेणार होती. पिशवीत तीच वाटी, सांबारवडीने भरलेली. कंडक्टरने हात धरून चढवलं, खिडकीपाशी बसवलं. मॅडमनी त्याला बसल्या बसल्या दटावलं, "दार लाव गा आधी, मंग बेल दे." त्याने निमूटपणे दार लावलं. मग खिडकीतून माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "माठावर झाकण ठेवलं न?"

गाडी सुटली. उन्हाची, धुळीची वेळ, सगळ्यांनी भराभर काचा ओढल्या. मॅडमनी त्यांची खिडकी उघडीच ठेवली. हात बाहेर काढून हलवत राहिल्या. त्यांना मी दिसत नव्हते, मी तिथे उभी आहे की गेले हेही त्यांना कळत नव्हतं. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात हलत होता. मॅडमना मी पाहिलं ते शेवटचं. भिवापूरहून लेक त्यांना परस्पर अमरावतीला घेऊन गेली आणि तिथेच काही महिन्यांनी त्या गेल्या.

बातमी आली त्या दिवशी मी 'शेजार' उघडला आणि रेखाच्या लिंकवरून तिच्या घरी गेले. 'सासूबाईंची खाट' सबंध वाचला. खाली मॅडमचे शब्द होते. त्यांनी सांगितलेले, रेखाने टाइप केलेले:

'ऐकलं. सासूचं म्हणणं मांडताना घाई नको करू. वाटी इथेच ठेवून जाते, भरून आणून दे.'

वाटी अजून भिवापूरलाच होती. परवा रेखाचा फोन आला. म्हणाली, "ताई, नवं तिखट झालं. लिहिलं पण. वाटी भरून ठेवली आहे, पण आता आणू कोणाकडे?"

मी म्हटलं, "वाचनालयात आण वं. झाकण लावून आण."